मराठीची बाजू एमआरआयने मांडू नका

दरवर्षी 27 फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरायला लागतो. मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी. एकात डावीकडे लाल-पिवळा ठिपका, त्याखाली ‘इंग्रजी’. दुसऱ्यात दोन्हीकडे भडक रंग, त्याखाली ‘देवनागरी’. सोबतच्या मजकुराचा अर्थ असा, की इंग्रजी वाचताना अर्धाच मेंदू चालतो आणि देवनागरी वाचताना पूर्ण चालतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. म्हणून मुलाला मराठी शाळेत घाला, मूल हुशार होईल. गिरगावपासून लालबागपर्यंतचे माझे अनेक रुग्ण हा संदेश मोठ्या अभिमानाने मला दाखवतात आणि विचारतात, “डॉक्टर, खरं आहे ना हे?”

नाही. खरं नाही.

मी स्वतः मराठी शाळांच्या बाजूचा माणूस आहे. गिरगावात आणि परळमध्ये मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना पाहून मलाही वाईट वाटतं. पण खोट्या पुराव्यावर उभं राहून खरी बाजू मांडता येत नाही. शिवाय हा संदेश दिसतो तितका निरुपद्रवी नाही. कारण मेंदूचं हेच रंगीत चित्र दाखवून पालकांना नेमकं उलटंही सांगितलं जातं: मुलाच्या मेंदूवर दोन भाषांचा ताण येतो, म्हणून घरात मराठी बंद करा आणि फक्त इंग्रजी बोला. एकाच चित्रावरून दोन विरुद्ध निष्कर्ष काढले जात असतील, तर ते चित्र मुळात काय सांगतं हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

ते रंगीत चित्र असतं कशाचं?

पाठदुखीसाठी किंवा पक्षाघातानंतर तुम्ही जो एमआरआय काढता, त्यात अवयवाची रचना दिसते. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, कुठला भाग मेला आहे का, हे त्यातून कळतं. भाषेच्या अभ्यासात वापरतात तो फंक्शनल एमआरआय, म्हणजे एफएमआरआय. यंत्र बहुतेकदा तेच असतं, मोजायची गोष्ट मात्र वेगळी असते.

मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिथे जास्त रक्त येतं आणि त्या रक्तात प्राणवायू भरलेलं हिमोग्लोबिन जास्त असतं. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये हा फरक एमआरआयवर दिसतो हे प्राण्यांमध्ये दाखवलं आणि 1992 मध्ये तो माणसांमध्येही दिसला. एफएमआरआय मोजतो तो हा रक्तातला फरक. विचार, शब्द किंवा बुद्धी मोजणारं ते यंत्र नव्हे.

जुन्या चाळीचा जिना आठवा. जिन्याखाली सगळ्या खोल्यांच्या विजेच्या मीटरची फळी असायची. तिच्यासमोर उभं राहिलात तर कुठल्या खोलीचं मीटर जोरात फिरतंय हे कळेल. पण त्या खोलीत इस्त्री चालू आहे, टीव्ही लागलाय की मुलगा दिवा लावून अभ्यास करतोय, हे मीटर सांगणार नाही. ज्या खोलीत वीज जास्त जळते तिथली माणसं जास्त हुशार, असं तर कोणीच म्हणणार नाही. एफएमआरआय ही मेंदूच्या मीटरची फळी आहे.

आणि हे मीटरही फार सावकाश फिरतं. आपण सहज बोलताना सेकंदाला तीन-चार शब्द बोलतो. ऐकलेला शब्द ओळखायला मेंदूला सेकंदाचा काही अंश पुरतो. रक्ताचा प्रतिसाद मात्र पाच-सहा सेकंदांनी शिखरावर येतो. तोवर वाक्य संपून दुसरं सुरू झालेलं असतं. चित्रातल्या एका बारीक ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात. आणि ज्या बदलावर हे सगळं उभं आहे तो संकेतातला बदल साधारण एखाद-दुसऱ्या टक्क्याचा असतो.

मग तो भडक लाल रंग येतो कुठून? तो संगणक भरतो. माणसाला यंत्रात झोपवून आधी शब्द वाचायला देतात, मग नुसत्या निरर्थक रेषा दाखवतात आणि पहिल्या मोजणीतून दुसरी वजा करतात. उरलेला फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तिथे रंग भरतात. मर्यादा खाली आणली की सगळा मेंदू रंगेल, वर नेली की एकही ठिपका राहणार नाही. म्हणून जिथे रंग नाही तिथला मेंदू ‘बंद’ आहे, हा अर्थच चुकीचा. जिवंत माणसाचा मेंदू कधीच अर्धा बंद नसतो. इंग्रजी वाचतानाही नाही आणि झोपेतही नाही.

मेलेला मासा आणि त्याचा ‘विचार’

हे मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर एक खरा प्रयोग ऐका. 2009 मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला. मासा मेलेला होता. त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ आणि त्या माणसांच्या भावना ओळखायला ‘सांगितलं’. आकडेवारीची नेहमीची दक्षता न घेता हिशेब केला, तेव्हा माशाच्या मेंदूत चक्क रंगीत ठिपका उमटला. हजारो ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केलं की निव्वळ योगायोगानेही काही ठिकाणी फरक दिसतो, हे त्यांना दाखवायचं होतं. या कामाला 2012 मध्ये इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात.

पुढे 2016 मध्ये आंदेर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयच्या विश्लेषणाची नेहमीची सॉफ्टवेअरं तपासली. चुकीचा होकार पाच टक्के यायला हवा, तिथे काही पद्धतींत तो 70 टक्क्यांपर्यंत जात होता. तेव्हापासून या क्षेत्रातले जबाबदार संशोधक जास्त काटेकोर झाले आहेत. विज्ञान स्वतःची चूक शोधतं, हा त्याचा मोठेपणा. व्हॉट्सअ‍ॅप मात्र जुनाच संदेश पुन्हा पाठवत राहतं.

भाषेची जागा सापडली ती रंगांमुळे नव्हे

मेंदूत भाषेची केंद्रं कुठे आहेत हे एमआरआयच्या शंभर वर्षं आधी माहीत होतं. 1861 मध्ये पॅरिसजवळच्या रुग्णालयात पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला समोरच्याचं बोलणं बरंचसं समजायचं, पण स्वतः तो ‘टॅन’ एवढंच बोलू शकायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढचा भाग खराब झालेला दिसला. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारचे रुग्ण वर्णन केले. ते घडाघडा बोलायचे, पण त्या बोलण्याला अर्थ नसायचा आणि दुसऱ्याचं त्यांना कळायचं नाही. त्यांच्यात बिघाड डाव्याच बाजूला, पण मागे होता.

एखाद्या भागाला इजा झाल्यावर भाषा गेली, तर तो भाग भाषेसाठी गरजेचा होता असं म्हणता येतं. एखाद्या भागात रक्त वाढलं, तर तो त्या वेळी कामात सामील होता एवढंच म्हणता येतं. सामील असणं वेगळं आणि गरजेचं असणं वेगळं. लग्नाच्या मांडवात शंभर माणसं धावपळ करताना दिसतात. त्यातल्या कोणावाचून लग्न अडलं असतं हे गर्दीचा फोटो पाहून कळत नाही.

एफएमआरआयशिवायही पद्धती आहेत. पेटमध्ये किरणोत्सारी द्रव्य टोचून रक्तप्रवाह मोजतात. 1988 मध्ये सुटे शब्द वाचताना-ऐकताना मेंदूत काय होतं याचा गाजलेला अभ्यास पेटवरच झाला. ईईजीत डोक्याला तारा लावून विजेच्या लहरी मोजतात. जागा नेमकी कळत नाही, पण वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळते. ‘वरणभातावर तूप वाढलं’ हे वाक्य मेंदू सहज घेतो. ‘वरणभातावर डांबर वाढलं’ म्हटलं की तो खटकलेला शब्द आल्यानंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी एक विशिष्ट लहर मोठी होते. असं काही होतं हे 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवलं. एमईजीत याच विजेची चुंबकीय बाजू मोजतात. प्रत्येक पद्धत एका खिडकीतून पाहते. ‘तुमची भाषा दुसरीपेक्षा चांगली’ असं दाखवणारी खिडकी यांपैकी एकीतही नाही.

मग देवनागरीचा तो अभ्यास काय होता?

या संदेशामागे एक खरा अभ्यास आहे. हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे. तिथल्या नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी हिंदी वाचणाऱ्यांचा एफएमआरआय केला आणि तो 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. देवनागरी वाचताना डाव्या बाजूच्या नेहमीच्या वाचनकेंद्रांबरोबर उजव्या बाजूचे, दृष्टी आणि जागेची मांडणी सांभाळणारे भागही कामात दिसले.

याचं कारण कुठल्याही मराठी माणसाला कळेल असं आहे. इंग्रजीत अक्षरं एका ओळीत डावीकडून उजवीकडे येतात. आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे आणि ऱ्हस्व वेलांटी डावीकडे. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण उच्चारात इ नंतर येते. डोळ्यांना वर, खाली, मागे, पुढे अशी जुळवाजुळव करावी लागते, म्हणून तशी जुळवाजुळव करणारे भाग कामाला लागतात. हे निरीक्षण मोलाचं आहे, कारण वाचनाचं बरंचसं मेंदूविज्ञान इंग्रजीसारख्या लिप्यांवर उभं राहिलं होतं आणि आपली लिपी त्यात जवळजवळ नव्हतीच.

पण देवनागरी वाचणारे जास्त हुशार होतात, असं हा अभ्यास म्हणत नाही. तो अभ्यास हिंदी वाचणाऱ्यांचा होता. कुठल्या शाळेत मूल घालावं हा त्याचा विषयच नव्हता. आणि जास्त भाग कामाला लागले म्हणजे काम चांगलं झालं, हेही खरं नाही. नवशिका ड्रायव्हर दादर टीटीच्या सर्कलवर गाडी वळवताना जीव मुठीत धरून सगळं लक्ष एकवटतो. वीस वर्षं टॅक्सी चालवणारा तेच वळण गप्पा मारत घेतो. कष्ट कोणाला जास्त पडले? सरावाने अनेक कामांत मेंदूचा खर्च कमी होतो. त्यामुळे जास्त रंग कधी जास्त कष्टाचाही असू शकतो. मग हाच संदेश उलटा फिरवून ‘देवनागरी मुलांना जड जाते’ असंही कोणी म्हणेल आणि तेही तितकंच बिनबुडाचं असेल.

गुंतागुंतीची लिपी म्हणजे हुशार मूल असा न्याय लावायचा, तर चिनी लिपी आपल्याहून गुंतागुंतीची आहे. चिनी वाचनातही मेंदूचे काही भाग इंग्रजीपेक्षा वेगळ्या प्रमाणात वापरले जातात, असे अभ्यास आहेत. मग काय, शिवाजी पार्कला चिनी माध्यमाची शाळा काढायची?

देवनागरीचा आणखी एक अभ्यास मला जास्त आवडतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरीत वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांचा एफएमआरआय केला. 2017 मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये त्याचा अहवाल आला. मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर खोलवरच्या थॅलॅमस आणि मेंदूस्तंभाच्या भागांतही दृष्टीच्या केंद्रांशी असलेला ताळमेळ वाढलेला दिसला. म्हणजे प्रौढ वयातही मेंदू बदलतो. छान गोष्ट आहे. पण आपल्या गिरणगावात दिवसपाळी करून कामगार रात्रशाळेत बसत होते, तेव्हा कोणी त्यांना मेंदूची चित्रं दाखवली नव्हती. मोठ्यांनाही शिकता येतं हे त्यांनी शिकून दाखवलं होतं. त्यासाठी यंत्राच्या शिक्क्याची वाट पाहावी लागली नाही.

नुकसान पहिलं: उशिरा बोलणारी मुलं

इथवर ही वादावादी वाटेल. पण दवाखान्यात तिचे परिणाम दिसतात.

मूल दोन वर्षांचं झालं, बोलत नाही. घरात आजी मालवणी बोलते, आई-बाबा मराठी, सांभाळायला येणाऱ्या ताई हिंदी आणि नर्सरीत इंग्रजी. कोणीतरी ठामपणे सांगतं की इतक्या भाषांनी मेंदू गोंधळतो, एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा. मग आजीला गप्प केलं जातं. ज्यांना सहज इंग्रजी येत नाही ते आई-वडील मुलाशी तुटक चार शब्द बोलायला लागतात. मुलाच्या कानावर पडणारी भाषा वाढण्याऐवजी आटते.

दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. सुरुवातीला मुलं भाषांची सरमिसळ करतात. त्यांचे सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात. ज्या मुलाला खरोखर बोलण्याची अडचण आहे, त्याची अडचण एक भाषा काढून घेतल्याने सुटत नाही. उलट त्याला जवळच्या माणसांची भरघोस, नैसर्गिक भाषा लागते, मग ती मालवणी असो की तेलुगू.

यात खरी हानी वेळेची होते. काही पालक ‘ब्रेन मॅपिंग’ नावाच्या महागड्या तपासण्यांकडे वळतात. काही ठिकाणी बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि भाषेचा कल सांगतात. रंगीत आलेखांची जाडजूड फाइल हातात येते आणि मुलाचे महत्त्वाचे महिने निघून जातात. एका घरातल्या मुलाची अशी दोन वेळा ‘मॅपिंग’ झालेली फाइल माझ्यासमोर आली. तिच्यात ऐकण्याची तपासणी कुठेच नव्हती. मूल बोलत नसेल तर पहिला प्रश्न हाच असतो: त्याला ऐकू येतं का?

हे लक्षात ठेवा:

– वर्षाच्या सुमाराला मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, तर दाखवा.
– दीड वर्षापर्यंत अर्थ असलेले काही शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी यायला हवी. नसेल तर थांबू नका. ‘याचा बाबाही उशिरा बोलला होता’ हे उत्तर तपासणीनंतर द्यायचं असतं, आधी नव्हे.
– येत असलेले शब्द जायला लागले तर वय काहीही असो, लगेच दाखवा.
– आधी बालरोगतज्ज्ञ, मग कानाची ओएई किंवा बेरा तपासणी, मग स्पीच थेरपिस्ट. परळचं वाडिया, केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही सगळी आपल्या टप्प्यात आहेत.
– साधा एमआरआय किंवा ईईजी गरजेचा असेल, उदाहरणार्थ झटके येत असतील, तर डॉक्टर सांगतील. मुलाने कुठली भाषा शिकावी हे ठरवण्यासाठी मात्र कुठलंही स्कॅन नसतं.

नुकसान दुसरं: पक्षाघातानंतर गेलेली वाचा

दुसरं टोक वयस्कर रुग्णांचं. आजोबा सकाळी उठले आणि शब्द सापडेनासे झाले. चष्म्याला ‘चमचा’ म्हणतात किंवा भलतंच बोलतात. हात-पाय चालताहेत, म्हणून घरच्यांना वाटतं की वयामुळे भ्रम झाला असेल, संध्याकाळी बघू. हा वाचाघात असू शकतो, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूचा पक्षाघात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेव्हा लागतो तो साधा सीटी स्कॅन, रक्तस्राव आहे की नाही हे पाहायला. रंगीत चित्रं नकोत, वेळ हवी. 108 ला फोन करा किंवा टॅक्सीत घालून थेट सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. आधी माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या दाराशी रांग लावू नका.

पुढची चूक घरी आल्यावर होते. दोन-तीन महिन्यांनी नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर, एकदा परत एमआरआय करू या, वाचा येणार का ते कळेल.” परत काढलेल्या एमआरआयमध्ये जुनी जखम दिसेल. आजोबा ‘पाणी’ म्हणतील की नाही हे त्यात दिसत नाही. तेच पैसे आणि तोच वेळ स्पीच थेरपीला द्या.

आणि थेरपी कुठल्या भाषेत? मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे. लहानपण मालवणीत, शाळा मराठीत, चाळीस वर्षांची नोकरी हिंदी-इंग्रजीत. अशा माणसाची कुठली भाषा आधी परत येते? 1882 मध्ये रिबो म्हणाले, सर्वांत आधी शिकलेली. 1895 मध्ये पित्र म्हणाले, सर्वांत जास्त वापरातली. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. कधी सगळ्या भाषा बरोबर सुधारतात, कधी एक पुढे जाते आणि दुसरी रेंगाळते. कोणाचं काय होईल हे कुठलंही स्कॅन आधी खात्रीने सांगत नाही. ते रुग्णाशी त्याच्या प्रत्येक भाषेत बोलूनच कळतं. म्हणून थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा, की बाबा घरात कुठली भाषा बोलायचे, बाजारात कुठली, भांडताना कुठली आणि हिशेब कुठल्या भाषेत करायचे.

मराठीच्या अभिमानाला खरं काम इथे आहे. मराठी रुग्णासाठी मराठीतली, आपल्या वापरातले शब्द आणि चित्रं असलेली तपासणी प्रत्येक ओपीडीत हवी. कोळी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या आजींना पुस्तकी शब्द विचारून ‘उत्तर चुकलं’ असं लिहू नये. मराठीतून काम करणारे अधिक वाचा-उपचारतज्ज्ञ हवेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, तेव्हा पेढे वाटले गेले. आजारी मराठी माणसाला त्याच्या भाषेत तपासलं जाईल, अशी मागणी करणारा मोर्चा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

पुरावा हवाच असेल, तर हा घ्या

भाषा आणि मेंदू यांबद्दल आपल्या देशातून जगाकडे गेलेलं एक वजनदार काम हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधलं आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केल्या. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली आढळली. निरक्षर लोकांतही हा फरक होता, म्हणजे तो निव्वळ शिक्षणाचा नव्हता. 2016 मध्ये त्यांनी पक्षाघाताच्या 608 रुग्णांचा अभ्यास मांडला. पक्षाघातानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेले रुग्ण अनेक भाषा बोलणाऱ्यांत 40.5 टक्के होते, एकच भाषा बोलणाऱ्यांत 19.6 टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

हा फरक मेंदूच्या रंगीत चित्रातून आलेला नाही. तो आला रुग्णांच्या नोंदवहीतून, वर्षानुवर्षं नीट भरलेल्या केस पेपरांतून. इतर देशांतल्या काही अभ्यासांत हा फायदा तितका दिसलेला नाही, त्यामुळे हाही शेवटचा शब्द नव्हे. पण या पुराव्याचा कल बघा. ‘इंग्रजी सोडा’ किंवा ‘मराठी सोडा’, यातलं काहीच तो सांगत नाही. भाषा सोडू नका, हा त्याचा कल आहे. चाळीत वाढलेली आणि तीन-चार भाषांत सहज भांडणारी आपली माणसं तेच तर करत आली.

“पण त्या संदेशाने मराठीचं भलंच होतंय ना?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चार मुलं मराठी शाळेत गेली तर बिघडलं काय?

बिघडतं. जो पालक ‘मेंदू वाढेल’ म्हणून मुलाला मराठी शाळेत घालतो, तो पहिल्या चाचणीत गुण कमी पडले की काढूनही घेतो. मुलाला शिकवलेलं समजावं, आजीशी बोलता यावं, स्वतःच्या शहराच्या पाट्या, वर्तमानपत्रं आणि नाटकं परकी वाटू नयेत, ही कारणं चांगल्या वाईट निकालात टिकतात. आणि एकदा का आपण भाषेची लायकी स्कॅनवर ठरवायचं मान्य केलं, की उद्या कोणी दुसरं चित्र आणून मराठीला नापास करेल. तेव्हा कुठल्या तोंडाने ‘असं चित्रावरून ठरत नाही’ म्हणणार?

माझा राग यंत्रावर नाही. मेंदूत भाषेच्या केंद्राजवळ गाठ असेल, तर शस्त्रक्रियेआधी एफएमआरआयने त्या रुग्णाची भाषा कुठल्या बाजूला आणि साधारण कुठे आहे याचा अंदाज घेता येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांत ती डावीकडे असते. डावखुऱ्यांतही सुमारे 70 टक्क्यांत डावीकडेच, पण ज्याचं डोकं उघडायचं आहे त्याला टक्केवारी पुरत नाही. तरीही अनेकदा सर्जन तेवढ्यावर थांबत नाहीत. रुग्णाला शस्त्रक्रियेत जागं ठेवतात, चित्रं दाखवून नावं विचारतात आणि त्या त्या जागी हलकी वीज देऊन शब्द अडतो का ते पाहतात. सर्वांत अनुभवी डॉक्टरसुद्धा चित्रावर विसंबत नाहीत. रुग्णाला बोलतं करून खात्री करतात.

तेव्हा यंदाच्या 27 फेब्रुवारीला तो संदेश आला, तर पुढे पाठवू नका. मूल उशिरा बोलत असेल तर आधी त्याचे कान तपासा आणि त्याच्याशी तुमच्या भाषेत भरपूर बोला. घरात कोणाची वाचा अचानक गेली तर घड्याळ बघा आणि निघा. आणि मुलाला मराठी शिकवायची असेल तर रोज रात्री अर्धा तास त्याला मराठीतलं काहीतरी वाचून दाखवा. त्याच्या मेंदूत तेव्हा कुठला रंग उमटतो याची काळजी करू नका. मूल पुढचं पान उलटायला सांगतंय का, तेवढं पाहा.